ऑर्फाच्या माफ्या

आमच्या प्रार्थनाघराच्या साऱ्या मंडळीने मिळून एकमेकांची जेवढी माफी मागितली नसेल, तेवढी माझ्या भावजयीने, ऑर्फाने, एकटीने माझी मागितली आहे. आणि एवढ्या माफ्यांमध्ये माझं तिने खरोखर काही बिघडवलंय, असं एकदाही झालेलं नव्हतं.

एकदा मी सकाळी धुणं वाळत घालत होते. माझ्या आणि भावाच्या घरांच्या मध्ये घेवड्याचं एक शेत आहे. त्या शेतातून ऑर्फा गमबूट घालून धावत येताना दिसली. टोपीच्या नाड्या सुटलेल्या, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, माझा भाऊ एनॉस घोड्याखाली सापडला.

"सेलिनाताई, रविवारी तुझ्याकडे जेवायला होतो ना, तेव्हा तुझा जॅम पातळ झालाय असं माझ्या मनात आलं. मला क्षमा कर."

"जॅम पातळच झाला होता."

"पण मी मनात हसले असेन."

"हसलीस का?"

"नाही वाटत. पण हसले असेन तर?"

"क्षमा केली, बाई. जा आता, तिकडे तुझा पाव जळत असेल."

ती अर्ध्या शेतापर्यंत गेली आणि परत आली. मी मनापासून क्षमा केली होती, की ती जावी म्हणून केली होती, हे तिला विचारायचं होतं. खरं तर ती जावी म्हणूनच केली होती. पण मी "मनापासून" म्हटलं. जेवणवेळेपर्यंत ती आणखी दोनदा येऊन गेली.

मी लग्न केलं नाही. पंचवीस वर्षं आमच्या शाळेत मुलांना शिकवलं, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि धीर थोडा. एनॉस माझा धाकटा भाऊ, स्वभावाने गरीब. त्याने उत्तरेकडच्या वस्तीतून ऑर्फाला करून आणलं तेव्हा मला ती फार आवडली होती. गोधडी भरायला बसली की तिचे टाके असे पडत, की म्हाताऱ्या बायका चष्मा पुसून पुन्हा बघत. हसायचीही खूप. एकदा प्रार्थनाघरात तिला हसू आवरेना म्हणून मला तिला चिमटा काढावा लागला होता.

मग एका शरद ऋतूत बाहेरगावच्या पाळकांनी प्रवचन दिलं. जो अपात्र असताना प्रभूच्या मेजाशी, म्हणजे प्रभुभोजनाच्या विधीला, येतो, तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं काहीसं ते बोलले. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, घरी आलो, जेवलो. ऑर्फाच्या मनात ते रुतून बसलं. आजार त्याआधीही आत कुठेतरी असणार, असं डॉक्टर नंतर म्हणाल्या, पण मला तो त्या दिवसापासून दिसला.

आमच्याकडे जेवणाआधी सगळे मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना करतात. घरधन्याने मान वर केली की जेवण सुरू. एनॉस मान वर करायचा, मुलं वर करायची, ऑर्फाची मान खालीच. प्रार्थना चालू असताना एखादा वाईट शब्द मनात आला की ती पहिल्यापासून सुरू करायची. देवाला शिवी देणारे शब्दच नेमके तिच्या मनात यायचे, ज्या बाईने आयुष्यात कोंबडीला शिवी दिली नव्हती तिच्या. बटाटे गार व्हायचे. पुढेपुढे मुलं तिच्या खाली घातलेल्या मानेसमोरच जेवायला शिकली. ते बघून मला भडभडून यायचं, आणि भडभडून आलं की मी तिच्यावर खेकसायचे. मग ती मला खेकसायला लावल्याबद्दल माफी मागायची.

वर्षातून दोनदा प्रभुभोजन असतं, मेजावरची भाकर आणि एक प्याला सगळ्यांनी वाटून घ्यायचा. त्याच्या आधीच्या एका रविवारी मंडळीचे दोन वडीलधारे प्रत्येक बाकापाशी येतात आणि प्रत्येकाने हलक्या आवाजात सांगायचं असतं, 'देवाशी आणि माणसांशी माझा समेट आहे, मला मेजाशी यायची इच्छा आहे.' सहा वर्षं ऑर्फा तिथे म्हणत राहिली, "या वेळी नको." समेट आहे असं म्हटलं आणि तो नसला, तर देवासमोर खोटं बोलल्यासारखं होईल, ही तिची भीती. पण मंडळीला हे कुठे माहीत? बाई मेजाशी येत नाही म्हणजे तिचं कुणाशी तरी वाजलंय. आणि शेताच्या पलीकडे मोठ्या आवाजाची नणंद राहते. आमच्या मंडळीतल्या वर्ना बाउमनने हा हिशेब सगळ्यांना जुळवून दिला. एका बाईने तर दुकानात माझा हात धरून सांगितलं, "सेलिना, मन मोठं कर गं." मन मोठं कर! रोज चार वेळा क्षमा करत होते मी!

शेवटी गावच्या डॉक्टरने ऑर्फाला शहरात डॉ. नीलसन यांच्याकडे पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी एनॉसला आणि मला बोलावून घेतलं. आजाराचं नाव ओसीडी, तिचा तो धर्माला धरून आहे, असं त्यांनी सांगितलं.

"काही जण हात धूत बसतात, या मन धूत बसतात," त्या म्हणाल्या. "त्या माफी मागतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"क्षमा करते. दुसरं काय करणार?"

"किती वेळ पुरते?"

"शेत ओलांडेपर्यंत."

"मग यापुढे क्षमा केली असं म्हणू नका. 'असेल, नसेल' एवढंच म्हणा आणि तुमच्या कामाला लागा."

मी उठूनच उभी राहिले. आमच्यात क्षमा मागणाऱ्याला क्षमा नाकारत नाहीत. तेवढ्याचसाठी आमचे पूर्वज छळ सोसून, गावं सोडून पळाले नसतील, पण जवळजवळ तेवढ्याचसाठी. "माझ्या भावजयीला बरं करायला मला पाप करायला सांगता?" मी विचारलं. एनॉस माझी बाही ओढत होता. ऑर्फा मात्र खुर्चीत ताठ बसली होती. ती म्हणाली, "ताई, मी आधीच हो म्हटलंय. मला मुलांबरोबर गरम जेवायचंय. मला मेजाशी यायचंय. तू नाही म्हणालीस तर मी एकटीने करीन, पण करीनच."

इतक्या वर्षांत तिने एवढं सरळ वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

तरी मी तडक बिशप ओसायस यांच्याकडे गेले. आमचे बिशप म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेला आमच्यातलाच शेतकरी. ते घोड्याचा खूर तासत होते. मी सगळं सांगितलं. ते तासतच राहिले.

"खाज सुटलेल्या घोड्याला अंग घासायला कुंपण दिलं तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"कुंपण मोडतं."

"आणि खाज?"

त्यांनी कानस पुन्हा खुरावर चालवली.

"तू तिला क्षमा केली आहेस ना? झालेल्याची, पुढे होईल त्याची?"

"केली आहे. तिने काही केलंच नाहीये!"

"मग देवाला ते ठाऊक आहे. तिला रोज सांगायची गरज नाही. तू फक्त तोंड बंद ठेव." त्यांनी खूर खाली सोडला. "तिच्यापेक्षा तुलाच जड जाईल ते."

बिशप आहेत म्हणून ऐकून घेतलं.

तो उन्हाळा मी कधी विसरणार नाही. पहिल्याच दिवशी ती आली आणि माझ्याबद्दल काहीतरी वाईट मनात आल्याचं सांगून क्षमा मागितली. मी मटार सोलत होते. "असेल, नसेल," मी म्हटलं. ती घरापुढच्या ओट्यावर उभीच राहिली. हुंदके देऊन रडली. मला उठून तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, दोन शब्दांत तिची सुटका करता येत होती, आणि मी मटार सोलत बसले. निम्मे दाणे खाली सांडले. शेवटी ती ओरडली, "दगड आहेस तू, सेलिनाताई! दगड!"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. सहा वर्षांत ती पहिल्यांदा कुणावर तरी चिडली होती. पण दुसऱ्याच क्षणी तिने तोंडावर हात ठेवला. "दगड म्हटलं तुला... क्षमा कर."

"असेल, नसेल."

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. ती रडता रडता हसत होती. मग उठली आणि माफी न मिळवताच घरी गेली. शेतात दोनदा थांबली, पण गेली.

घरी तिची लढाई याहून कठीण चालली होती. प्रार्थना एकदाच करायची, मध्ये कसलाही घाण शब्द येवो, एनॉसची मान वर झाली की आपली वर करायची. सुरुवातीला एकेक घास पाण्याबरोबर ढकलायची. तरी ती जेवायची. डॉक्टरांनी दिलेली कामं ती कणीक मळावी तशी रोज नेमाने करायची. एनॉस एकदा कळवळून म्हणाला, "आज राहू दे की." त्यावर ती म्हणाली, "तू जेव. मला शिकवू नकोस." भाऊ माझ्याकडे येऊन हे सांगताना डोळे पुसत होता, आणि खूश होता.

काही आठवडे वाईटही गेले. ऑगस्टमध्ये ती पुन्हा एका दिवसात पाच वेळा आली. पाचव्या वेळी मीच ढासळले आणि "क्षमा केली, केली, केली!" असं ओरडले. संध्याकाळी तिने एनॉसच्या हाती चिठ्ठी पाठवली: 'ताई, तू चुकलीस. उद्या पुन्हा पहिल्यापासून.' शाळेत मी मुलांना लिहायचे तशीच.

ऑक्टोबरात समेटाचा रविवार आला. ती माझ्या शेजारी बसली होती. बिशप ओसायस आमच्या बाकापर्यंत आले आणि तिच्यासमोर वाकले. डॉक्टरांनी घालून दिलेला नियम मला माहीत होता: वाक्य एकदाच म्हणायचं, त्याला 'मला वाटतं' किंवा 'बहुतेक' असं शेपूट लावायचं नाही, आणि नंतर परत घ्यायचं नाही.

"देवाशी आणि माणसांशी माझा समेट आहे," ऑर्फा म्हणाली. "मला मेजाशी यायची इच्छा आहे."

बिशपांनी मान हलवली. मग ते माझ्यापुढे आले. दोन बाकं पुढे वर्ना बाउमनची पाठ दिसत होती. मी तेच वाक्य म्हटलं, ऑर्फाइतक्या स्वच्छ आवाजात मात्र नाही.

मधल्या दोन आठवड्यांत ती वाक्य परत घ्यायला बिशपांच्या घरी धावेल, या धास्तीने मी रोज खिडकीशी उभी असायचे. एका बुधवारी तिने खरंच बग्गीला घोडा जोडला. फाटकापर्यंत गेली. तिथे बराच वेळ लगाम धरून बसली. मग घोडा वळवला, सोडला, आणि गाजरं उपटायला गेली. मी तिथेच खिडकीशी गुडघे टेकले.

प्रभुभोजनाच्या रविवारी तिने भाकर घेतली. प्याला घेतला. ओठांना लावला आणि शेजारणीला दिला. नंतर आमच्याकडे दोघी-दोघींनी एकमेकींचे पाय धुवायचे असतात. बाकाच्या क्रमाने तिची जोडी माझ्याशी पडली. तिने माझे पाय धुतले, पुसले. मी तिचे धुतले. उभ्या राहून आम्ही एकमेकींचा मुका घेतला, आणि ती माझ्या कानाशी वाकली.

आता क्षमा मागणार, मला वाटलं. इथे, मंडळीसमोर. 'असेल, नसेल' मी जिभेवर आणून ठेवलं.

"ताई," ती कुजबुजली, "तुझ्या पायांना वास येतोय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ओठ पांढरे पडले होते, पण डोळे माझ्यावर रोखलेले होते. हे तिने ठरवून केलं होतं. सगळ्यांत पवित्र जागी मला टोचून बोलायचं आणि माफी न मागता ते तसंच राहू द्यायचं.

"असेल, नसेल," मी म्हटलं.

ती जागेवर जाऊन बसली. शेवटचं गीत सुरू झालं. आम्ही हळू गातो आणि त्या गीताला आठ कडवी आहेत. मी पहिल्या कडव्यापासूनच रडत होते. तिने मांडीवर एक हात दुसऱ्यात घट्ट धरला होता, बोटांची पेरं पांढरी झाली होती, आणि ती गात होती. आठव्या कडव्यापर्यंत ती एकदाही माझ्याकडे वळली नाही.