खिडकीतलं निळं

ज्याच्या हातून मनीप्लँटसुद्धा जगला नाही त्याने प्रवाळ वाढवायच्या भानगडीत पडू नये, असं बायकोने मला स्पष्ट सांगितलं होतं. पण भाईंदरला राहणाऱ्या ऑफिसातल्या मित्राकडे मी ते पाहून आलो होतो आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं होतं. समुद्राच्या तळाशी असतं ते त्याच्या टीव्हीशेजारी, काचेच्या टाकीत, हिरवंगार डुलत होतं. "टाकी तयार कर, तुला एक तुकडा देतो," तो म्हणाला. "मऊ जातीचं आहे. हे मारायलासुद्धा कठीण असतं." पुढे मी त्याला खोटं पाडायला काहीच कमी ठेवलं नाही.

टाकी आली ती हॉलमधल्या रिकाम्या भिंतीला लागून, खिडकीच्या बाजूला. ती भिंत रिकामी का होती हे सांगायला हवं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई चिपळूणकडचं गाव सोडून आमच्याकडे, मीरा रोडला पूनम सागरमध्ये, कायमची राहायला आली. आल्या आल्या तिने एकच गोष्ट मागितली. आम्ही बौद्ध. प्रत्येक बौद्ध घरात असतात त्या दोन तसबिरी आमच्याकडेही होत्या, पण आतल्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला. "त्या भायेर लाव. मानसं येतात तिथं लाव," आई म्हणाली. मी "लावू की" म्हटलं आणि लावल्या नाहीत.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. बिल्डिंगमध्ये सगळ्या तऱ्हेचे लोक. फ्लॅट घेतला तेव्हा कुणी "आप लोग कौन?" असं विचारलं की मी "कोकणातले" म्हणून मोकळा व्हायचो. कोकण मोठं आहे, त्यात माणूस सहज मावतो. कुणी मला कधी काही बोललं होतं का? नाही. बोलायच्या आधीच मी गप्प बसलो होतो, म्हणजे पाऊस नसताना छत्री उघडून वर्षानुवर्षं चालणारा मी गृहस्थ. टाकी आल्यावर तर मला पक्कं कारण सापडलं. आईला म्हटलं, "खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात. तसबिरी खराब होतील." आईने माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. ते "बरं" मला आवडलं नाही, पण मी पंपाची वायर शोधण्यात गुंतलो.

प्रवाळाला नळाचं पाणी चालत नाही. त्यासाठी आरओचं मशीन बसवलं. ते एक बादली शुद्ध पाणी देतं आणि तीन बादल्या वाया घालवतं. आमच्याकडे पाणी येतं ते जपून वापरायचं असतं, त्यामुळे त्या वाया जाणाऱ्या बादल्यांवर बायकोने धुणी, फरशी, संडास, सगळं केलं. आमची फरशी एवढी लखलखीत कधीच नव्हती. शुद्ध पाण्यात मी खास मीठ कालवायचो, खारटपणा मोजायचो, जास्त झाला म्हणून पाणी घालायचो, कमी झाला म्हणून मीठ घालायचो. खाडी हाकेच्या अंतरावर आणि मी तिसऱ्या मजल्यावर बादलीत समुद्र बनवत बसलेला. पाणी तापू नये म्हणून घरातला टेबलफॅनही टाकीला दिला. आई घाम पुसत बसायची आणि वारा पाण्याला लागायचा.

कित्येक आठवडे टाकीत नुसता दगड आणि पाणी होतं. पाहुण्यांना मी तेही कौतुकाने दाखवायचो. शेवटी मित्राने नखाएवढा तुकडा दिला. जांभळट साल, बस. मी तो दगडाला चिकटवला, लाटा करणारा पंप सुरू केला आणि दिवा लावला. दिवा मोबाइलवरून कमीजास्त करता येतो, निळा वेगळा आणि पांढरा वेगळा. प्रवाळाला निळा भरपूर लागतो. दोन दिवसांनी त्या सालीतून बारीक बारीक हिरवे तारे बाहेर आले आणि निळ्या उजेडात अक्षरशः पेटल्यासारखे चमकायला लागले. मी ओरडलोच.

"ह्याला जीव हाय?" आईने विचारलं.

"आहे. हा प्राणी आहे, आई."

तेव्हापासून संध्याकाळची वंदना झाली की आई खुर्ची टाकीसमोर ओढायची. सगळ्या प्राण्यांचं भलं होवो म्हणताना ती त्या सालीकडेही एकदा बघायची. गावाला फोन करून तिने सांगितलं, "पोरानं खिडकीत निळं लावलंय. रस्त्यावरनं दिसतं." तिचा आवाज एवढा खुलला होता की ते कशासाठी लावलंय हे सांगायचं धाडस मला झालं नाही. निळा आमच्या झेंड्याचा रंग, आमच्या जयंतीच्या रोषणाईचा रंग. तिला वाटलं, तसबिरींचं उत्तर मी असं दिलं.

मार्चअखेरीस लिफ्टमध्ये सोसायटीचे चेअरमन भेटले. वयस्कर गुजराती गृहस्थ. हसून म्हणाले, "आपकी विंडो तो एकदम ब्लू हो गई! इस बार अभी से तैयारी?"

एप्रिलमधली जयंती त्यांच्या मनात होती हे मला लगेच कळलं. माझ्या तोंडून निघालं, "नहीं नहीं, वो तो मछली का लाइट है." टाकीत मासा एकही नव्हता.

घरी येऊन मी मोबाइल काढला, निळा जवळजवळ बंद केला आणि पांढरा वाढवला. बायकोने विचारलं तर म्हणालो, "जरा ॲडजस्टमेंट करतोय." खिडकी ट्यूबलाइट लावल्यासारखी चारचौघांसारखी दिसायला लागली. आई खुर्चीत बसली, टाकीकडे एकदा बघून उठली आणि आत गेली.

आठवड्याभरात काचेवर तपकिरी शेवाळ आलं. मग त्या सालीवर आलं. हिरवे तारे आत गेले ते गेलेच. मी पंपाची दिशा बदलली. खारटपणा बदलला. पाणी बदललं. दगड डावीकडून उजवीकडे ठेवला, मग परत डावीकडे. मित्राने फोनवर विचारलं, "लाइट बदललास का?" मी म्हटलं, "छे!" डॉक्टरपासून आजार लपवणाऱ्यांना मी नेहमी मूर्ख म्हणत आलोय. टाकीतलं सगळं काही मी ॲडजस्ट केलं, फक्त जे बिघडवलं होतं ते सोडून. आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मेलं काय रं ते?" आईने एका संध्याकाळी विचारलं.

"नाही. आत जाऊन बसलंय. बाहेर येत नाही."

"तुज्यावर गेलंय," आई म्हणाली.

बायको स्वयंपाकघरात खो खो हसली. मला हसू आलं नाही. मला लाज वाटली, आणि ती प्रवाळाची नव्हती. एवढ्या लांबून गाव सोडून आलेल्या बाईने मागून मागून एक भिंत मागितली होती. ती मी पाण्याला दिली, आणि वर तिला आवडलेला उजेडही काढून घेतला.

मित्राला खरं सांगितलं. तो पोटभर शिव्या देऊन म्हणाला, "निळा परत आण, पण हळूहळू. दर आठवड्याला थोडा. एकदम वाढवलास तर भाजेल." मी शेवाळ जुन्या टूथब्रशने अलगद घासून काढलं आणि निळा पाच टक्क्यांनी वाढवला. आई बघत होती.

"एकदम लाव की."

"नाही आई, हळूहळू सवय करावी लागते. नाहीतर भाजतं."

"त्याला का तुला?"

मी मोबाइल खिशात टाकला. मग म्हटलं, हळूहळू करण्यासारखं एकच काम आहे, दुसरं आजच होईल. रविवारची दुपार होती. मी स्टूल ओढलं, टाकीच्या वरच्या भिंतीवर, तुषार पोचणार नाहीत इतक्या उंचीवर, दोन खिळे ठोकायला घेतले. पहिला वाकला. दुसरा भिंतीतून निसटून थेट टाकीत गेला आणि लोखंड प्रवाळाला वाईट म्हणून मी बाही वर करून तो समुद्रातून शोधून काढला. माझ्या ठोकाठोकीने आख्खी विंग जागी झाली असावी. मी तसबिरी टांगत असतानाच बेल वाजली आणि बायकोने दार उघडलं. चेअरमन होते.

"भाईसाब, संडे की दोपहर में..." एवढं म्हणून ते थांबले. त्यांची नजर भिंतीवर गेली होती.

मी स्टुलावर, हातात हातोडी, एक बाही ओली. वर्षानुवर्षं ज्या क्षणाला घाबरत होतो तो हाच. काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं.

चेअरमन माझ्याकडे बघतच नव्हते. ते आईकडे बघून हसले. "अरे वा, माँजी! आखिर फोटो लग गए?"

"लग गए, भाऊ," आई आपल्या हिंदीत म्हणाली. "देर लगा, पण लग गए."

ते गेले. मी आईला विचारलं, "ह्यांना कसं माहीत?"

"खाली बाकावर बसतो न्हाय का आम्ही समदी. मी आले त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोनं इचारलं तुमी कोन. मी सांगितलं. फोटो लावायचं ऱ्हायलंय तेबी सांगितलं. लपवायचं काय हाय त्यात?" ती गुडघा चोळत उठली, टाकीशी येऊन वाकली. सालीच्या कडेला एक हिरवा तारा अर्धवट बाहेर आला होता. तो तिने मला दाखवला, आणि मग वर बघून म्हणाली, "डावीकडची वाकडी लागलीय. सरळ कर."