मोहाच्या झाडाखालचा फोटो

त्या फोटोतली बाई हडळ नाही. ती माझ्या बीटमधल्या गावची, मोहफुलं वेचायला आलेली बाई आहे आणि तो फोटो बाहेर पाठवणारा मी आहे. एवढं आधीच लिहून टाकतो, कारण ऐनवेळी मागे सरण्याची माझी सवय मला चांगली माहीत आहे.

मी वनरक्षक होतो. आमच्या भागात अजून नाकेदार म्हणतात. पांढरकवड्याच्या पलीकडे, जिथे कपाशीची शेतं संपून साग सुरू होतो, तिथलं बीट, म्हणजे राखणीचा जंगलपट्टा, ही माझी शेवटची नेमणूक होती. वाघांच्या गणतीसाठी झाडांना कॅमेरे बांधलेले होते. समोर काहीही हललं की फोटो निघायचा; वाघ असो, गाय असो, माणूस असो. त्यातलं कार्ड बदलून आणणं हे माझं काम. माणसांचे फोटो कोणाला दाखवायचे नाहीत, पुसून टाकायचे, अशी सूचना होती. पण कुठल्या झाडावर कॅमेरा आहे हे आम्ही गावाला कधी सांगितलं नाही. चोरीला जाईल ही भीती. त्यामुळे आपल्याला कोणी पाहत नाही असं समजून लोक कसे वागतात, ते मला घरबसल्या दिसू लागलं. कोण लाकूड नेतो, कोण कोणाच्या मागून जातो, कोण एकटाच बसून रडतो. सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. पुढे पुढे तर कार्ड कधी उघडतो असं होऊ लागलं.

एका उन्हाळ्यात तो फोटो आला. आजूबाजूला अंधार आणि कॅमेऱ्याच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाने पांढरीफटक झालेली एक बाई. केस सुटलेले, अंग अर्धवट वाकलेलं, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. मोहफुलं पहाटे गळतात आणि गुराढोरांच्या आधी पोचावं लागतं, म्हणून बाया अंधारातच निघतात. हे मला माहीत होतं. तरी मी दचकलो, आणि दचकल्याचं मग हसू आलं.

माझ्या साडूचं हायवेवर टायरचं दुकान आहे. त्याच्या मोबाईलवर दिवसभर अजब बातम्या यायच्या. कुठे पांढरा कावळा दिसला, कुठे म्हशीने दोन तोंडांचं वगारू दिलं, मेसेजला तीन टिक आल्या की समजायचं सरकारने वाचला. तो त्या सगळ्यांना पुढे ढकलायचा. एकदा आपणही त्याला काहीतरी पाठवावं असं मनात आलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा फोटो मी मोबाईलने टिपला. चेहरा तर दिसत नाही, मग कोणाचं काय बिघडतं, असा विचार केल्याचं मला स्वच्छ आठवतं. खाली लिहिलं, ‘आमच्या जंगलातली हडळ.’

त्याचा लगेच फोन. “साडभाऊ, खरी हाय का हे?”

“खोटी असती त कॅमेऱ्यात आली असती का?”

“मंग तुमचं खातं वाघासंगं हडळीबी मोजते म्हना.”

आम्ही दोघंही हसलो.

आठवडाभरात तोच फोटो गावच्या ग्रुपवर आला. मधल्या कोणीतरी माझी ओळ काढून दुसरी घातली होती, ‘सरकारने दडवलेला पुरावा, डिलीट होण्याआधी पाहा.’

आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कागद काही नसतो, आज्या-पणज्यापासून चालत आलेलं असतं. एकाच्या झाडाखाली दुसरा टोपली टेकवत नाही. फोटोतलं खोड बुडाशीच दुभंगलेलं होतं आणि त्याची एक फांदी वीज पडून जळालेली. मी फक्त चेहरा दिसतो का ते पाहिलं होतं. गावाने झाड पाहिलं. पारावर कोणीतरी मोबाईलवर बोटं फाकवून फोटो मोठा केला आणि एका म्हाताऱ्याचं नाव घेऊन म्हणालं, “हे त त्याचं झाड हाय.” त्या घरातून फुलं वेचायला त्याची सूनच जायची.

त्यानंतर बाया तिच्यासोबत जंगलात जाईनात. हापशीवर ती आली की बाकीच्या पाण्याचे गुंड उचलून निघायच्या. शेजारचं लेकरू तापलं, तेव्हा त्याची आजी हिच्या दारात उभी राहिली.

“अंधारात काय करून राह्यली होती वं?”

“फुलं वेचून राह्यली होती. अजून काय?”

“मंग केस कायले सोडले होते?”

हे मी रस्त्यावरून जाताना ऐकलं. थांबलो नाही.

एका दुपारी ती आणि तिचा नवरा माझ्या क्वार्टरवर आले. नवरा म्हणाला, “नाकेदार साहेब, फोटो तुमच्या कॅमेऱ्यातला हाय म्हणतात. तुम्ही गावात येऊन एकदा सांगा. तुमचं आयकतीन लोक. नाही त आमाले गाव सोडा लागन.”

ती म्हणाली, “पुढचे फोटोबी असतीन नं? टोपली डोक्शावर घेऊन मी घरी निघाली, थे?”

होते. त्याच कार्डावर होते. केस बांधलेले, डोक्यावर भरलेली टोपली, चेहरा स्वच्छ. माझ्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये, आम्ही बोलत होतो तिथून चार पावलांवर.

मी म्हणालो, “ती गोपनीय बाब आहे. कॅमेऱ्यातलं बाहेर सांगता येत नाही.”

“मंग हे कसं गेलं बाहेर?”

“आता सगळं इंटरनेटवर असते. वरून सरकारच पाहत असते. कुठून फुटलं, मले कसं समजन?”

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. चौकशी लागायला नको होती. ते गेल्यावर मी त्या कार्डावरचे सगळे फोटो पुसले, अगदी सूचनेप्रमाणे. मोबाईलमधून सरकार पाहतं, हे माझं बोलणं गावभर झालं. लोक मोबाईल पालथा घालून बोलू लागले, सरकारला शिव्या देऊ लागले. माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. पेरणीच्या आधीच ते कुटुंब महागावकडे तिच्या भावाच्या गावाला गेलं.

यंदा साडूने तोच फोटो मला पाठवला. पहिल्यांदा तो कोणी दिला हे तो विसरून गेला होता. खाली आता लिहिलं होतं, ‘महागाव भागात फिरत आहे, सावध राहा.’ कोणीतरी तिचा नवा पत्ता त्याला जोडला होता. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो.

ती अंगणात तूर पाखडत होती. मला ओळखलं. बसा म्हणाली नाही.

“तो फोटो मी पाठवला होता,” मी उभ्यानेच म्हणालो. “सरकारनं नाही. मी.”

सूप थांबलं नाही. “माह्या घरचे म्हनत होते, नाकेदारच हाय. मीच म्हनत होती, नाही, थो मानूस चांगला हाय.” मग खाली पाहतच म्हणाली, “इथंबी आला थो फोटो. काल भावजयीनं माह्या हातचं पानी नाही घेतलं.”

“मी लिहून देतो. सही करतो.”

“लिहेलं कोन वाचते? मोबाईलातून आला, मोबाईलातूनच जाईन.” ती आतून मोबाईल घेऊन आली आणि व्हिडिओ सुरू करून माझ्यासमोर धरला. “नाव सांगा, गाव सांगा. मंग काय केलं थे सांगा. माह्याकडं नोका पाहू. इथं पाहा.”

मी तिच्या बोटाजवळच्या त्या काळ्या ठिपक्याकडे पाहिलं. सगळं सांगितलं. झाड, टोपली, पुसलेले फोटो, तिला दिलेलं उत्तर. संपल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, “कोणाकोणाला पाठवशील?”

“तुमी मले इचारलं होतं का?”

ती घरात गेली. आतून माझाच आवाज येऊ लागला. भावजय काहीतरी म्हणाली, मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी फाट्याकडे निघालो तेव्हा तो शेजारच्या अंगणातून ऐकू येत होता.