ठकुबाईच्या चाकूची घासलेली बाजू

कोंडिबा ढेबे याला चोर ठरवलं ते १९९८ साली, शिमग्याच्या आदल्या दिवशी, पहिली पाळी सुटताना, आमच्या कारखान्याच्या मेन गेटवर. कोंडिबा कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर. पोलादपूरच्या वर डोंगरात त्याची वाडी, राहायला बिरवाडीत भाड्याची खोली. गार्डने झडती घेतली, तर खिशातून चाकू निघाला. लाल मुठीचा, घडीचा, मुठीवर छोटा क्रॉस. आणि दुसऱ्या बाजूला टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव. गार्डने ते मोठ्याने वाचलं, "ठकुबाई ढेबे!"

अख्खी लाइन हसली.

"काय गो ठकुबाई, कांदे चिराया चाललीस काय?"

"काकी हाय माझी," कोंडिबाही हसत म्हणाला. "तिचं नाव नाय घालायचं तर काय तुझं घालू?"

त्याचा काका मुंबईला गोदीत होता. तिथे एका खलाशाने त्याला तो चाकू दिला, काकाकडून तो कोंडिबाकडे आला. या वाड्यांची एक रीत आहे. मुंबईहून आलेली वस्तू आधी महाडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानी जाते, तिच्यावर नाव पडतं, मगच ती डोंगर चढते. लग्नकार्यात भांडी घरोघर फिरतात, म्हणून. नाव घरच्या बाईचं. मग ती परात असो नाहीतर चाकू.

तेवढ्यात पर्सोनेलचे साहेब गेटवर आले आणि हसणं थांबलं. नवं मशीन बसवायला तेव्हा स्वित्झर्लंडचा एक इंजिनिअर आला होता. त्याचा खिशातला चाकू हरवला होता. साहेबांनी गार्डच्या हातातला चाकू घेतला, स्वतःच्या खिशात टाकला. "हाच तो. याचा गेटपास काढून घ्या."

संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरने निरोप दिला, त्या वाडीतला एकही माणूस यापुढे नको. म्हणजे चोर एक नाही, अख्खी वाडी.

मी टूलरूममध्ये ग्राइंडर होतो. मशीनची पाती, कटर यांना धार लावणं हे माझं काम. कामगार कमिटीची पत्रकंही मीच लिहायचो. पत्रक वाटायला मी चवदार तळ्यावर शिकलो, त्यामुळे साहेबाच्या केबिनमध्ये शिरताना दार वाजवतो, पण मान खाली घालत नाही.

"साहेब, त्या स्विस पाहुण्यांना चाकू दाखवला?"

"त्यांना कशाला त्रास? स्विस चाकू आहे, लाल आहे. झालं."

"त्याच्यावर मराठीत नाव आहे."

"नाव? कसलं नाव?"

इथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गेटवर नाव वाचलं तेव्हा साहेब दहा पावलांवर होते. बहिऱ्यालाही ऐकू जाईल इतकं आम्ही हसलो होतो.

मी चौकशी मागितली. शिमगा झाल्यावर ती लागली. टेबलावर चाकू ठेवला. एक बाजू लाल, दुसरी चक्क चांदीसारखी पांढरी. नाव नाही.

कोंडिबाने चाकू उलटसुलट केला. "ह्यो माझाच. पण असा नव्हता. दोन्हीकडं लाल होता, दादा."

"असाच होता," साहेब म्हणाले. "दोन रंगांची व्हरायटी असते. जुनी, दुर्मिळ. तुम्हाला नाही कळणार."

मी मुठीवरून अंगठा फिरवला. मूठ अ‍ॅल्युमिनियमची. लाल बाजूला बारीक जाळीची नक्षी, बोटाला कानशीसारखी लागणारी. पांढरी बाजू साबणासारखी गुळगुळीत. हा लाल रंग ब्रशने फासलेला नसतो. त्याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात, धातूच्या वरच्या थरातच रंग मुरवतात. खिशात झिजला तर कडांना झिजेल, ठिकठिकाणी झिजेल. एक अख्खी बाजू नक्षीसकट उडायची तर बफ लागतो, म्हणजे गरगर फिरणारं पॉलिशचं चाक. आमच्या कारखान्यात तो एकच होता. बफवाल्याला मी आधीच गाठलं होतं. तो म्हणाला, "साहेबांनी दिला, मी मारला. माझं नाव नको घेऊस बाबा." त्याचं नाव मी अजून घेतलेलं नाही.

मी म्हटलं, "पाहुण्यांना बोलवा. नाहीतर उद्याचं पत्रक तयार आहे."

पाहुणा आला. उंच, पन्नाशीचा, हाताला ग्रीस. त्याने चाकू बघितला आणि त्याचा चेहराच उजळला. साहेब सावरून बसले.

"हा माझा नाही," तो इंग्रजीत म्हणाला.

साहेबांनी समजावलं, सर, नीट बघा. त्याने नीटच बघितला होता. त्याच्या चाकूची मूठ प्लास्टिकची, आणि त्याला बाटलीचं बूच काढायचा पीळदार स्क्रू होता. याला तो नाही. पातं, डबा फोडायचं, स्क्रू-ड्रायव्हर, टोच्या, एवढंच. हा त्यांच्या सैनिकाला मिळणारा चाकू. पात्याच्या बुडाशी ६२ हा आकडा होता, ते साल. अ‍ॅल्युमिनियमची मूठ लाल करायची पद्धत तेव्हा नवी होती, ती थोडीच वर्षं टिकली. मग साधे पांढरे यायला लागले. त्याच्या मोठ्या भावाला लाल मिळाला होता, त्याला स्वतःला पांढरा.

"आणि एक बाजू लाल, एक पांढरी?" मी विचारलं.

"असा मी कधी पाहिला नाही." त्याने चाकू ट्यूबलाइटखाली तिरका धरला. "पण हे बारीक खड्डे कसले?"

गार्डला साक्षीला बोलावलं होतं. तो दारातच उभा होता. तो पुढे येऊन वाकला. खड्डे इतके पुसट की आधी नाव वाचलेल्यालाच ते लागावं. त्याने गेटवर वाचलं होतं तसं खणखणीत वाचलं, "ठकुबाई ढेबे!"

वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

या वेळी कुणी हसलं नाही.

कोंडिबाला गेटपास मिळाला, चाकू मिळाला, वाडीतली माणसं परत कामाला लागली. साहेबांनी नाव का घासलं, हे चौकशीत कुणी विचारलं नाही, मला विचारू दिलं नाही. पत्रकात मात्र मी सरळ लिहिलं: नाव असेपर्यंत तो चाकू पाहुण्याचा ठरत नव्हता. पाहुण्याचा खरा चाकू पुढे गेस्ट हाऊसच्या सोफ्यात सापडला. त्याची नोटीस बोर्डावर लागली नाही. साहेबांना काहीही झालं नाही.

कोंडिबाने पुन्हा नाव घालून घेतलं. त्याच बाजूला, त्याच दुकानात, पहिल्यापेक्षा खोल.

तो सुटला तो माझ्या पत्रकामुळे नाही. गेटवर एका माणसाने नाव मोठ्याने वाचलं आणि शंभर माणसांनी त्याची टर उडवली, म्हणून ते नाव बफावर घासूनही पुसलं गेलं नाही. गार्ड मुकाट्याने वाचता, तर ठकुबाई नावाची बाई त्या चाकूवर कधी नव्हतीच.

तेव्हा तुम्हाला एकच सांगणं आहे. उद्या तुमच्या गेटवर कुणाच्या खिशातून काही काढून घेतलं, तर बस चुकेल म्हणून पुढे सटकू नका. थांबा. ती वस्तू साहेबाच्या खिशात जायच्या आधी तिच्यावर काय आहे ते बघा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.