वाट्याची कोंबडी खुडूक बसली तेव्हा

१९६० साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, मी सव्वा रुपया अनामत ठेवून एक कोंबडी वाट्यानं घेतली. व्यवहार आमच्या पडवीत झाला. हजर तिघंच होतो: मी, माझी बायको, आणि कोंबडीची मालकीण, म्हणजे पऱ्याच्या, वाडीतल्या ओढ्याच्या, पलीकडे एकटी राहणारी माझी चुलत काकी.

वाट्याच्या कोंबडीचे नियम आमच्या डोंगरातल्या वाड्यांत सगळीकडे सारखेच होते. कोंबडी घालील ती अंडी सांभाळणाऱ्याची. ती खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायची थांबून घरट्याला चिकटून बसली, की मात्र शब्द मालकिणीचा. तिनं सांगितल्याप्रमाणे कोंबडीखाली अंडी ठेवायची आणि पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी आपली. हयगयीनं कोंबडी मेली तर अनामत बुडाली. काकीनं रुपया आणि पावली दोनदा उलटसुलट करून पाहिली, कनवटीला खोचली आणि म्हणाली, "हीच कोंबडी माझ्या घरात सगळ्यात तापट हाय. सांभाळ."

पौषात वाडीत मानमोडी आली. कोंबड्या माना वाकड्या करून पडायच्या आणि संध्याकाळपर्यंत संपायच्या. काकीच्या सगळ्या गेल्या. वाडीतला शेवटचा कोंबडा गेला त्यानंतरच्या सकाळी कुणाला वेळेवर जागच आली नाही. आमचं घर पऱ्याच्या अलीकडे, एका बाजूला, म्हणून असेल, पण आमच्याकडची ती एक कोंबडी वाचली. आसपासच्या तिन्ही वाड्यांत तेवढी एकच.

त्याच महिन्यात बायकोला मुदतीचा ताप आला. ताप उतरला तेव्हा ती भिंतीला धरूनही उभी राहू शकत नव्हती. मुलगी अंगावर पिणारी, पाच महिन्यांची. दूध आटत चाललं होतं आणि पोर रात्रंदिवस किरकिरत होती. महाडचे डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता अंगात काही गेलं पाहिजे. रोज एक ताजं अंडं, अर्धकच्चं, दुधातून. त्यात खंड पडू देऊ नका." दूध घरचं होतं. अंडं ती कोंबडी देत होती, एखादा दिवस वगळून. बायकोचे बसलेले गाल हळूहळू भरायला लागले. मी रोज सकाळी पडवीतल्या टोपलीत हात घालून अंडं गरम आहे ना ते बघायचो, आणि मगच चूल पेटवायचो.

माघाच्या अखेरीला एका सकाळी हात घातला तर चोच बसली. कोंबडी रिकाम्या टोपलीत अंग फुगवून पसरली होती आणि घशातल्या घशात कुडकुडत होती. खाली अंडं नव्हतं. मी तिला उचलून अंगणात ठेवलं. ती दाण्याकडे न बघता पुन्हा टोपलीत जाऊन बसली.

खुडूक कोंबडी बसू दिली तर दोन-अडीच महिने अंड्याचं नाव नको. मोडली, तर आठ-पंधरा दिवसांत पुन्हा घालायला लागते. मला दोन महिने परवडणार नव्हते. पंधरा दिवस तरी कुठे परवडत होते? पण महाडच्या बाजारातून आणायचं तर आमच्या वाडीवरून अख्खा दिवस जायचा, आणि त्या आठवड्यात बाजारातही मानमोडीमुळे अंडी फारशी येत नव्हती. मी एकदा गेलो आणि चार अंडी घेऊन आलो, त्यातलं एक नासकं निघालं. तेव्हा कोंबडी मोडायचीच, असं मी ठरवलं. काकीला विचारायला हवं होतं हे मला माहीत होतं. पण ती काय म्हणेल हेही माहीत होतं.

पहिल्यांदा टोपली उचलून माळ्यावर टाकली. कोंबडी जिथे टोपली होती त्या जमिनीवर बसली. मग पऱ्यावर नेऊन तिचं पोट गार पाण्यात बुडवलं. खालची ऊब गेली की खोड जाते म्हणतात. मुंबईहून रजेवर आलेला शेजारी वरच्या वाटेनं चालला होता. तो थांबला आणि ओरडला, "काय रे, तिला काय नवरा दाखवायला न्यायची हाय? साबण तरी लाव!"

कोंबडी हातात थरथरत होती. तिचं छातीचं हाड मला बोटांना लागत होतं. खुडूक झाल्यापासून ती जेमतेम खात होती. ती मेली असती तर अंडंही गेलं असतं आणि बीही. ते मनात आलं की मी हात बाहेर काढायचो, आणि घरातून पोरीचं रडणं आलं की पुन्हा पाण्यात घालायचो.

तिसऱ्या वेळी बुडवून घरी येतो तर पडवीत काकी बसलेली. तिनं कोंबडीकडे पाहिलं. पिसांतून पाणी गळत होतं.

"माझी कोंबडी भिजवलीस?"

"काकी, ती खुडूक झाली."

"ती झाली, मग मला सांगायचं का पऱ्याला? सगळ्या वाडीत हिच्याशिवाय पीस नाय. हिच्याखाली अंडी बसली तर पुढल्या साली चार घरांत कोंबडी दिसंल. आन तू तिला थंडीनं मारतोस?"

"घरात अंडं नाही. डॉक्टरांनी खंड पडू देऊ नका म्हणून सांगितलंय."

"डागतराला कोंबडी नाय बसवायची, मला बसवायचीय!"

"आणि बसवणार कशावर? वाडीत कोंबडा नाही. आपल्या अंड्यातून काय निघणार?"

आतून बायको बारीक आवाजात म्हणाली, "काकी, यांच्यावर रागावू नका हो." काकी उठून आत गेली. बायकोच्या अंथरुणापाशी थोडा वेळ उभी राहिली, तिच्या मनगटाला हात लावला, पोरीकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

शब्दही न बोलता गेली म्हणजे तिनं हात झटकले, असा मी अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्या घराला बाहेरून कडी होती. माझी खात्रीच झाली. आता जे काय करायचं ते पूर्ण करायचं म्हणून मी कोंबडीला विरळ विणीच्या बांबूच्या डाल्याखाली ठेवलं, डालं दोन दगडांवर उचलून, म्हणजे खालून गार वारा लागत राहील. बुडवणं चालूच ठेवलं. खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकात पीसही घालतात, तेवढं मात्र केलं नाही. तसं केलेल्या कोंबडीची पिल्लं टिकत नाहीत असं काकी मानायची, आणि कोंबडी तिची होती.

त्या संध्याकाळी कोंबडीचं कुडकुडणं थांबलं. सकाळी डालं उचललं तर ती शेपटी वर करून अंगणात पळाली आणि उकिरड्यावर जाऊन उकरायला लागली. मोडली होती. मी बायकोला सांगितलं, "झालं. पंधरा दिवसांत अंडं." ती फक्त मान हलवून पोरीला पदराखाली घेऊन पडून राहिली.

दुपारी काकी आली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्यावर टोपली. टोपलीत भाताचा कोंडा आणि कोंड्यात अंडी. तिचं माहेर नाते गावात, तिथे मानमोडी पोचली नव्हती. भावाच्या घरी कोंबडे होते. एसटीनं, मग पायी, अशी ती गेली होती आणि तशीच आली होती. सोळा अंडी होती, एकही फुटलं नव्हतं.

"दहा हिच्याखाली," ती म्हणाली. "सहा सूनबाईला. आन पुढं दर बाजाराला माझी भावजय महाडात आणून देईल, तू जाऊन घेऊन यायची. कोंबडी कुठं हाय?"

कोंबडी अंगणात किडे टिपत होती.

काकी तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "मोडलीस?"

"तू काही न बोलता गेलीस. मला वाटलं..."

"बसवणीची अंडी आणायला निघालं की कुणाला सांगतात का रे? सांगितलं तर अंडी कुजतात. तुझ्या आईनं शिकवलं नाय?"

शिकवलं होतं. ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असते. पण ती अंडी आणायला जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी तिच्या मागं कोंबडी मोडत बसेन हे तिच्या.

काकी पडवीत खाली बसली. टोपली मांडीवर होती. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आता हिचं अंडं पण नाय आन पिल्लू पण नाय." बसवायची अंडी जास्त दिवस ठेवता येत नाहीत. आणि दुसरी कोंबडी तिन्ही वाड्यांत नव्हती.

मग बायको आतून म्हणाली, "तिला माझ्या उशाशी आणा ना. इथं अंधार हाय, ऊब हाय. मला पण उठायचं नाय, तिला पण उठू द्यायचं नाय."

काकीनं मान वर केली.

आम्ही माजघराची खिडकी गोणपाटानं बंद केली. टोपलीत पेंढा घालून ती चुलीच्या भिंतीला, बायकोच्या अंथरुणाला लागून ठेवली. आधी दोनच अंडी ठेवली, कोंबडी त्यांची नासधूस करील म्हणून. वर डालं झाकलं. कोंबडी आत धडपडली, डाल्याला धडका दिल्या. बायकोनं डाल्याच्या भोकातून हात घातला आणि तिच्या पाठीवर नुसता ठेवला. चोच बसली तरी काढला नाही. पोर रडायला लागली की दुसऱ्या हातानं तिला थोपटायची. मी दारात उभा होतो. काकी म्हणाली, "तू बाहेर जा. तुझा वास आला की तिला पाणी आठवतं."

मी बाहेर गेलो. दोन दिवस मी आतल्या आवाजाकडे कान लावून होतो. खरखर, धडपड, मग शांतता, पुन्हा धडपड. काकी तिथेच राहिली, सहा अंड्यांतलं एकेक बायकोला देत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गुरांना पाणी पाजत होतो तेव्हा ती दारात आली आणि ओठांवर बोट ठेवून मला बोलावलं. आतून ते घशातलं कुडकुडणं येत होतं. कोंबडी पसरून बसली होती. काकीनं बाकीची अंडी एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली आणि ती प्रत्येक अंडं चोचीनं ओढून घेत होती.

पुढचे तीन आठवडे मी दर बाजाराच्या दिवशी महाडला गेलो. काकीची भावजय अंडी घेऊन एसटी थांब्यावर बसलेली असायची. बायको आधी बसायला लागली, मग चुलीपर्यंत चालायला. डालं उचलून कोंबडीला दाणापाणी करायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पोरीची किरकिर कमी झाली.

दहांपैकी सात पिल्लं निघाली. तीन अंडी पोकळ होती. ती नक्की कशानं गेली हे मी कधी विचारलं नाही आणि काकी कधी बोलली नाही.

वाटणी पुन्हा पडवीतच झाली, तेच तिघं हजर. बायको या वेळी स्वतःच्या पायांनी बाहेर आली होती. तीन पिल्लं काकीची, तीन आमची. सातवं काकीनं हातात धरलं होतं.

"भावजयीच्या अंड्यांचं काय द्यायचं?" मी विचारलं.

"ती माहेरची. त्यात तुझा हिशेब नको." मग तिनं कनवटीला हात लावला. "सव्वा रुपया मात्र देत नाय. तो माझी कोंबडी भिजवल्याचा."

मी होय म्हणालो. सव्वा रुपया काकीकडे राहिला. सातवं पिल्लू तिनं राखणीचं म्हणून माझ्या बायकोच्या ओटीत घातलं.