जळक्या भाकरीच्या बाई

आमच्या बाईंनी जितक्या जळक्या भाकरी खाल्ल्या, तितक्या उभ्या बीड जिल्ह्यात कुणी खाल्ल्या नसतील, आणि खाता खाता इतकी नावंही कुणी ठेवली नसतील. तालुक्याच्या दवाखान्यात त्या समुपदेशक होत्या. खचलेल्या माणसांशी बोलणं हे त्यांचं काम, पण त्यांना रागावणंच जास्त जमायचं. मी जायला लागल्यापासून टेबलाखाली पाण्याची बादली असे आणि अंगावर कायम सुती साडी. "नायलॉन पेटलं की कातड्याला चिकटतं," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

कारण माझ्या आसपास वस्तू आपोआप पेटत. दोरीवरचं धुणं, कडब्याची गंज, आणि एकदा धाकट्या भावाची झोळी. आईनं त्याला ओढून काढलं, पण पायावरचा व्रण अजून आहे. गाव म्हणालं, भानामती. भगतानं सांगितलं, पोरीला चुलीपासून लांब ठेवा. मला काडेपेटीची बंदी झाली, शाळा सुटली, तरी आग लागतच राहिली. मग भगतानं शेवटचा उपाय काढला: अमावास्येला तापल्या विळ्यानं दोन्ही तळहातांवर डाग. काका तयार होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते सोसेना. युसूफ वडगाव या आमच्या गावाहून एसटीत बसवून त्यांनी मला गुपचूप बाईंकडे आणलं.

बाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पोरीला चूल पेटवता येती का?"

"न्हाई ना बाई. हातच लावू देत न्हाई आमी."

"कावून? जिच्या अंगात आग हाय, तिलाच आगीची वळख न्हाई करून दिली व्हय? लई शाने!"

तेव्हापासून बाईंच्या परसात, चुलीपुढं माझा उपचार सुरू झाला. जाळ पुढं ओढायचा, मागं सारायचा, राखेखाली निजवायचा. भाकरी करपायच्या. बाई त्या ठेच्यासोबत संपवून म्हणायच्या, "कोळसा झ्याक जमलाय. जरा पीठ बी घालीत जा."

एकदा त्यांनी मला पोट भरल्यावर आणखी एक भाकरी वाढली. मला नको होती, पण मी गप्प बसले. बाईंचा पदर पेटला. त्यांनी चुलीजवळ ठेवलेली बादली स्वतःवर ओतून घेतली आणि निथळत हसू लागल्या. "सापडलं की गं बये! नको म्हनायला काय झालतं?"

मी शब्द गिळला की आग लागते, हे त्या पदरानं दाखवलं. मग दवाखान्यात त्या माझ्यापुढं चहा ठेवत आणि मी नको म्हणायचं. "मोठ्यानं! शिपायाला ऐकू गेलं पायजे." शिपाई दारातून डोकावून म्हणे, "तिला नको तर मला द्या की, बाई."

भगतानं नेमलेल्या अमावास्येला दिवस मावळताना काकांनी आमच्या अंगणात विळा तापवला. बाई एसटीनं आल्या, मांडीवर भरली बादली घेऊन, कंडक्टरशी भांडत. मला वाटलं, आता त्या सगळ्यांना झापतील. त्या ओट्यावर बसून मला म्हणाल्या, "तूच बोल."

भगतानं माझं मनगट धरलं होतं. अण्णा खाली बघत होते. घशाशी आलेला शब्द मी बाहेर काढला. "न्हाई. मी डाग घेनार न्हाई."

सगळे कडब्याकडे बघू लागले. काही पेटलं नाही. उलट भगताच्या हातातला लाल विळा विहिरीत बुडवावा तसा काळा पडला. बाईंनी बादली त्याच्यापुढं सरकवली. "घ्या, पानी प्या."

मी पुन्हा शाळेत गेले, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. निकाल दाखवायला गेले तर बाई म्हणाल्या, "मार्क ऱ्हाऊ दे. भाकरी थाप." पुढं त्या आजारी पडल्या. अंथरुणावरून म्हणत, "मी मेले की तू ये गं. रॉकेल वाचंल." मी चिडायचे. त्यांना त्यातही मजा वाटायची.

त्या गेल्या तेव्हा झड लागली होती. चितेची लाकडं ओली. त्यांचा भाचा पुन्हा पुन्हा पेटवत होता आणि नुसता धूर होत होता. कुणीतरी डिझेल आणायला धावलं. मी बायकांत उभी होते. तळहात ऊन झाले, तसे मी ते पदराखाली घेतले. त्या दिवशी आगीला मी नको म्हटलं नाही.

लाकडांनी पायाकडून जाळ धरला आणि तो न भडकता, शांतपणे वर चढत गेला. त्यावर भाकरी करपली नसती.