आधी भांडण, मग चहा

टिपणीसबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी दारात चपला काढल्या, माझ्या बायकोने पुढे केलेला पाण्याचा पेला हातानेच बाजूला सारला आणि म्हणाल्या, "चहा नंतर. आधी भांडण." शनिवारची सकाळ होती. बाहेर न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचं ते दाट धुकं, आत पायजम्यातला मी, आणि समोर डायनिंग टेबलाच्या खुर्चीत ताठ बसलेल्या, गळ्यात शाळेची शिट्टी अडकवलेल्या या बाई. मी आयुष्यभर हौशी रंगभूमीवर वावरलो. असा प्रवेश मला एकदाही जमलेला नाही.

भांडण माझ्याशीच होतं. बाईंच्या शाळेत मी दर बुधवारी जायचो आणि मुलांच्या नोकरीच्या लुटूपुटूच्या मुलाखती घ्यायचो. मी दिवसभर विम्याचे दावे नाकारण्याचं काम करतो, त्यामुळे दुष्ट साहेब मला आपोआप वठेल, असा त्यांचा हिशेब होता. पण मी पडलो गोष्टीवेल्हाळ. मुलं माझ्यासमोर बसली की पाचव्या मिनिटाला हसायला लागत. "तुम्ही त्यांना हसवता," बाई म्हणाल्या. "तुम्हाला मी करमणुकीला बोलावलेलं नाही. या पोरांचा पहिला अपमान माझ्या शाळेत, माझ्या देखत झाला पाहिजे. बाहेर होईल तेव्हा त्यांना सवय असेल." मग त्यांनी चहा घेतला, दोन कप घेतला, आणि जाताना माझ्या बायकोला म्हणाल्या की तुमचा नवरा माणूस बरा आहे, फक्त फार टाळ्या शोधतो. त्या दिवसापासून त्या मला 'नाटकवाले' म्हणू लागल्या.

शाळा 'ते रापा' नावाच्या कारखान्यांच्या भागात होती, एका बंद पडलेल्या गालिच्यांच्या शोरूममध्ये. चार्टर शाळा. म्हणजे पैसा सरकारचा, चालवणारी संस्था वेगळी, आणि मधे एक करार. ठरलेलं काम दाखवता आलं नाही तर शाळा बंद. तिथे वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम, स्वयंपाक असलं शिकवत आणि आठवड्यातला एक दिवस प्रत्येक मुलाला खऱ्याखुऱ्या कामावर पाठवत. रोटोटुना उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळींना शाळा फार आवडायची. दुसऱ्यांच्या मुलांसाठी. मंडळाच्या कार्यक्रमात भेटले की सगळे बाईंना म्हणत, "केवढं मोठं काम करताय," आणि आपापल्या मुलांना जवळ ओढून घेत.

शाळेला मुख्याध्यापक दोन होते. बाई, आणि हेमी नावाचा माओरी गृहस्थ, पूर्वीचा घरबांधणीवाला, दरवाजाएवढा रुंद आणि कमालीचा शांत. मुलं त्याला 'मातुआ' म्हणत आणि बाईंना 'फाइआ'. आपल्याकडे मास्तरांना काका आणि बाईंना मावशी म्हणावं, तसं काहीसं. सकाळी हेमी गिटार घेई, सगळी शाळा उभी राहून गाई, आणि बाई त्या सुरांमध्ये असा काही सूर लावत की पुढच्या रांगेतली पोरं खांदे हलवून हसत. "हेमीला राग यायला आठवडा लागतो," बाई सांगायच्या, "आणि माझा जायला. म्हणून शाळा चालते."

त्यांचा राग मी जवळून पाहिलाय, आणि शपथेवर सांगतो, तो आरडाओरड्याचा नव्हता. सांगलीकडे आयटीआयमध्ये त्या फिटरच्या वर्गाला शिकवत. वर्गात सगळे मुलगे, ही एकटी बाई. इथे आल्यावर एका मोठ्या शाळेत वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवलं. तिथे हुशार मुलांसाठी सगळे धावत आणि बाकीच्यांना प्रेमाने मागे बसवून ठेवत. "मला वाईट वागणाऱ्या माणसांचा राग येत नाही," त्या म्हणायच्या. "त्यांना दोन शब्द सुनावले की झालं. मला राग येतो गोड माणसांचा. ती ऐकतच नाहीत."

आणि आता अवीदादा.

अवीदादांचा कारखाना शाळेपासून हाकेच्या अंतरावर. आसपासच्या डेअरी फार्मांवर दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाक्या असतात, कोल्ड स्टोरेज असतात. त्यांची कूलिंगची यंत्रं बसवणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. गोड माणूस. मंडळाच्या गणपतीला सगळा प्रसाद त्यांचा. बाईंची शाळा चालवणाऱ्या ट्रस्टवर ते होते आणि शाळेची चार मुलं दर गुरुवारी त्यांच्याकडे काम शिकायला जात. त्या चौघांत एक आर्या. आमच्या मंडळातल्या संदीपची मुलगी. संदीप आयटीत, त्याची बायको मीनल फार्मसिस्ट. आर्याला लहानपणापासून वस्तू उघडायचा नाद. घरातला फ्रिज तिने दोनदा उघडला आणि एकदा नीट बंदही केला. मोठ्या शाळेत ती सकाळी गाडीतून उतरायलाच नकार देऊ लागली, तेव्हा नाइलाज म्हणून आईबापांनी तिला बाईंच्या शाळेत घातलं. तिला रेफ्रिजरेशन मेकॅनिक व्हायचं होतं. अवीदादा तिला पुढच्या वर्षी ॲप्रेंटिस म्हणून घेतील का, सगळं त्यावर होतं. नाही घेतलं तर परत मोठी शाळा, परत सायन्स, असं घरी ठरलेलं.

त्या बुधवारी ती माझ्यासमोर मुलाखतीला बसली. मी दुष्ट साहेबाचा चेहरा लावला. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी गुरगुरून विचारलं, सध्या जिथे जातेस तिथे काय शिकलीस, सांग.

आर्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नथिंग मच, काका. आय डू द फोन्स. आय ॲम हीप्स गुड ॲट फोन्स." हीप्स, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत खूप. मला वाटलं ती चेष्टा करतेय, म्हणून मी माझ्या भूमिकेतच म्हणालो की इथे टेलिफोन ऑपरेटर नको आहे, कॉम्प्रेसर उघडणारा माणूस हवाय. तिचे डोळे भरले, आणि मग सगळं बाहेर आलं. तीन मुलगे सकाळी व्हॅनमधून फार्मांवर जायचे. ती अवीदादांच्या केबिनमध्ये, हीटरशेजारी. दुपारी तिला ते घरून आणलेला डबा द्यायचे. तिने दोनदा विचारलं होतं व्हॅनबद्दल. "नेक्स्ट वीक, बेटा," असं उत्तर मिळालं होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या भिंतीपासून पुढे आल्या. शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "नाटकवाले, चला. मला साक्षीदार लागेल. आणि माझा हात उचलला गेला तर तो धरायला कुणीतरी."

अवीदादांनी आमचं असं स्वागत केलं की मलाच लाजल्यासारखं झालं. चिवडा आला, लाडू आला. बाईंनी बशीला हात लावला नाही. विचारलं, आर्या व्हॅनमधून का जात नाही.

अवीदादा हसले. "वसुधाताई, आपल्यातली मुलगी आहे. फार्मावर चिखल, शेण, शिड्या. वर ती पोरं, त्यांची भाषा. मी म्हटलं, माझ्या डोळ्यासमोर राहू दे. घरच्या मुलीसारखी ठेवलीय मी तिला."

"मुलगी ती तिच्या घरात आहे. मी तुमच्याकडे कामगार पाठवला होता."

"अहो, काळजी वाटते."

"त्या तीन मुलांची नाही वाटत? तेही कुणाचे मुलगेच आहेत. शिडीवरून पडले तर त्यांनाही लागतं."

अवीदादा अजून हसत होते, पण आता फक्त ओठांनी. मग म्हणाले की खरं सांगायचं तर ही कल्पना त्यांची नाही, संदीपनेच पहिल्या दिवशी फोन केला होता. पोरीला ऑफिसात बसव म्हणाला. आता मित्राचा शब्द कसा मोडायचा.

मी इतकी वर्षं नाटकं केली, पण माणसाचा चेहरा एका वाक्याने बाईंसारखा पांढरा पडलेला मी तोवर पाहिला नव्हता. बाई उठल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. आणि तिला विचारलं नाही. मलाही नाही. पुढच्या गुरुवारी ती व्हॅनमध्ये बसेल, नाहीतर माझी चारही मुलं मी काढून घेईन."

परतताना गाडीत त्यांनी जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सांगलीचं आयटीआय त्यांच्यात अजून शिल्लक होतं एवढंच सांगतो.

शाळेत आल्यावर हेमीशी खडाजंगी झाली. म्हणजे बाईंची खडाजंगी. हेमी ऐकत होता. त्याचं म्हणणं होतं की एकीसाठी बाकी तिघांना काढायचं नाही. ते शिकताहेत, त्यांना दुसरी जागा मिळणार नाही, आणि करार तपासायला माणसं येणार आहेत. बाई म्हणाल्या की असल्या हिशेबानेच जगभरच्या मुली केबिनमध्ये बसल्या आहेत. हेमी म्हणाला, "खरं आहे. आणि त्या तीन पोरांच्या घरी यांच्याआधी कुणालाही धड काम मिळालेलं नाही, हेही खरं आहे." बाई दार आपटून बाहेर गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या आणि म्हणाल्या की तू बरोबर आहेस आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आलाय. तिघं राहिले; आर्याचं काय, ते लटकलंच.

पण अवीदादांचं मन दुखावलं होतं. गोड माणसांचं मन दुखावलं की ते स्वतः काही करत नाहीत, बाकीचे करतात. मंडळातून फोन सुरू झाले. बाई हट्टी आहेत, बाईंना मुलं नाहीत म्हणून त्यांना काय कळणार, असंही एक जण बोलला. मी त्याच्याशी अजून बोलत नाही. ट्रस्टने बैठक बोलावली. बाईंनी अवीदादांची माफी मागावी, संदीप आणि मीनलने तिथे असावं, आर्यालाही आणावं, म्हणजे सगळं घरगुती पद्धतीने मिटेल. अध्यक्षांनी मला फोन करून वर सांगितलं की तुम्हीही या, वातावरण जरा हलकं ठेवा. मी दोन विनोद तयार करून गेलो होतो.

विनोदांची वेळ आलीच नाही. संदीपनेच आधी बोलायला घेतलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, कुणाचाच वाईट हेतू नव्हता. आम्हाला वाटलं, काही महिने ऑफिसात बसली की कंटाळेल, हे खूळ जाईल डोक्यातून, मग आपोआप परत सायन्सला येईल. हाच प्लॅन होता.

मीनलने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. हा प्लॅन तिला ठाऊक नव्हता, हे खोलीतल्या सगळ्यांना त्या क्षणी कळलं.

"तुम्ही तिला हरायला पाठवलंत," टिपणीसबाई म्हणाल्या. एवढंच. मग उभ्या राहिल्या. "मला माफी मागायला सांगितलंय. मागते." अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली. अवीदादांनी हात जोडले, मोठ्या मनाने. बाई त्यांच्याकडे पाठ करून आर्यापुढे उभ्या राहिल्या.

"आर्या, मी दर शुक्रवारी तुला विचारायची, काल कसं झालं? तू 'गुड' म्हणायचीस. आणि मी पुढे जायची. मुलगी 'गुड' म्हणाली की हात बघायचे असतात, ग्रीस लागलंय का ते. मी नाही बघितले. चुकले."

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले की बाई, माफी त्यांची मागायची होती. बाई म्हणाल्या, त्यांच्या चुकीची त्यांनी मागावी.

तेवढ्यात आर्या बोलली. अवीदादांकडे बघून. "अंकल, व्हॅन सकाळी केव्हा निघते?"

अवीदादांनी संदीपकडे पाहिलं.

"डॅडला नको ना विचारू. व्हॅन तुझी आहे."

मराठीत 'अहो' तिला कधी जमलंच नव्हतं, त्यामुळे ते वाक्य फारच सरळ लागलं. अवीदादांनी नजर परत तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, सातला. बूट जाड घाल. मीनल लगेच म्हणाली की मी आणून सोडीन. संदीप टेबलाकडे बघत बसला.

आर्या आज ॲप्रेंटिस आहे, फार्माफार्मांवर हिंडते, आणि अवीदादा तिच्याबद्दल अशा अभिमानाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, कल्पना त्यांचीच. शाळाही चालू आहे. हेमी ती चालवतो. बाईंचा करार मात्र पुढे वाढवला नाही. ट्रस्टने त्यांना शाल दिली, नारळ दिला, त्यांच्या 'तळमळी'बद्दल भाषण केलं. सूत्रसंचालनाला मला बोलावलं होतं. मी गेलो नाही. बाई आता दक्षिण बेटावर कुठल्याशा लहान गावात शिकवतात, आणि तिथलेही काही लोक शनिवारी सकाळी बेल वाजली की दचकत असणार.

मला मात्र त्या बैठकीनंतरची पार्किंगची जागा आठवते. मी आनंदाने अक्षरशः नाचत होतो. गड्या, काय प्रवेश, काय पडदा. मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "बाई, जिंकलात."

त्या गाडीचं दार उघडता उघडता थांबल्या. मी त्यांना इतक्या रागात त्या अवीदादांच्या केबिनमध्येही पाहिलं नव्हतं.

"काय जिंकले? एका मुलीला एका व्हॅनमध्ये बसता यावं म्हणून ट्रस्ट, मंडळ, आई, बाप आणि मी, एवढी माणसं लागली. आणि तुम्हाला वाटतंय नाटक छान झालं."

दार लावून त्या निघून गेल्या. मी हात खाली घेतले.