काकांनी पसंत केलेली गाडी

उभ्या रायगड जिल्ह्यात गाडी नापसंत करण्यात आमच्या चुलतसासऱ्यांचा हात धरणारा माणूस नाही. जेवणाला नावं ठेवणारे व्याही मी पाहिलेत, दाखवलेल्या प्रत्येक स्थळात खोट काढणारे उपवर मुलगेही पाहिलेत. पण धुऊनपुसून, डॅशबोर्डला तेल चोपडून समोर उभी केलेली सेकंडहँड गाडी पाच मिनिटांत मालकाच्याच मनातून उतरवावी ती यांनीच. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर छत्तीस गाड्या पाहिल्या. पस्तीस त्यांनी नाकारल्या. उरलेल्या एकीची गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती सांगताना मला लाज वाटते, हे आधीच कबूल करून टाकतो.

चुलतसासरे म्हणजे माझ्या बायकोचे, सुजाताचे, सख्खे काका. राहणार रोहा. सुजाताला आई नव्हतीच; ती पाच वर्षांची असताना वडीलही गेले आणि काकांनी तिला आपल्या घरी आणलं. काकी होत्या तोवर दोघांनी आणि त्या गेल्यावर एकट्यांनी तिला वाढवलं. धाटावच्या एका कंपनीत ते फिटर होते. पहिल्या शिफ्टला जाण्याआधी ते तिच्या वेण्या घालून द्यायचे, आणि त्याही फिटरच्या हाताने. संध्याकाळपर्यंत भुवया कपाळावर चढलेल्या असायच्या, असं ती अजून सांगते. लग्नात काकींच्या जागी कमरेला सुपारी खोचून कन्यादान त्यांनीच केलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची ओळखच बदलली. फिटर मागे पडला, सासरा पुढे आला. एसटीत कंडक्टरकडे तिकीट मागतानासुद्धा ते "एक पेण द्या, जावयाकडं चाललोय" असं सांगतात. कंडक्टरने काही विचारलेलं नसतं. रोह्याच्या बाजारात मी कधी त्यांच्याबरोबर गेलो, तर कोथिंबीरवालीपासून घड्याळवाल्यापर्यंत सगळ्यांपुढे मला उभं करून "हे आमचे जावय" असं म्हणतात आणि समोरच्याने नीट बघून घेईपर्यंत पुढे सरकत नाहीत. त्या माणसाला आयुष्यात दुसरी कसलीच पदवी नको होती.

गाडीचं खूळ आमच्या मुलांनी काढलं. मोबाइलवर त्यांनी तंबूत राहणारी कुटुंबं पाहिली आणि घरात कॅम्पिंगचा जप सुरू झाला. दोन मुलं, आम्ही दोघं, माझे आईवडील असे सहा जण, वर तंबू, गाद्या, भांडी. मोठी गाडी हवी होती आणि नवी परवडणार नव्हती. काका तेव्हा पेणला, आमच्या रामवाडीच्या घरी आलेले होते. त्यांनी बोटांवर मोजलं आणि सातवं बोट स्वतःच्या छातीला लावलं. "पन क्याम्पिंग म्हंजे काय ओ जावयबापू?" मी सांगितलं की रानात, नदीकाठी मुक्काम करायचा, विस्तव पेटवायचा, तिथंच रांधायचं आणि तिथंच झोपायचं. "अवो, मंग ही पोपटीच की! तिला इंग्रजी नाव कशाला?" ते म्हणाले. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरून, मडकं उपडं घालून जाळात भाजतात, ती पोपटी. काकांच्या लेखी माणसाने घराबाहेर रात्र काढावी असं दुसरं सबळ कारण जगात नव्हतं. त्यामुळे गाडीची पहिली अट ठरली ती म्हणजे मागच्या जागेत पोपटीचं मडकं न कलंडता बसलं पाहिजे. मायलेज वगैरे नंतर.

तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या एसटीने काका येत. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मडकं. पिशवीत बॅटरी, जुना टूथब्रश, चार दिवसांचे पेपर आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबकाला दोरा बांधून ते गाडीच्या अंगावरून फिरवीत. जिथं पत्रा ठोकून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथं चुंबक धरत नाही. पण लांबून पाहणाऱ्याला म्हातारा गाडीला ओवाळतोय असंच वाटे. मग पेपर अंथरून ते गाडीखाली शिरत. एकदा शिरले की अर्धा तास बाहेर नाही. बाहेर येताना कधी चेसिसची बातमी आणीत, तर कधी पाठीखालच्या पेपरातली. खाडीकाठच्या गावातली गाडी असेल तर खालच्या पत्र्यावर बोट फिरवून ते सरळ जिभेला लावीत. "खारी हाय. दोन वर्सांत पापडावानी मोडेल." मालकाच्या बायकोला त्या क्षणी काय वाटत असेल, याचा विचार ते करीत नसत. मी मात्र करी आणि तिच्या तुळशीवृंदावनाकडे बघत राही.

पुराची गाडी ओळखण्यात तर ते पटाईतच. इकडच्या नद्या पावसाळ्यात कुणाच्या अंगणात कधी शिरतील याचा नेम नाही, आणि पाण्यात राहिलेली गाडी धुऊन, अत्तर मारून विकायला काढणारेही कमी नाहीत. काका सीटचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढीत आणि टोकाला गाळाची रेघ दिसली की पट्टा सोडून देत. "गाडी धुतलीत, पट्टा धुवायचा ऱ्हायला," एवढंच म्हणत. विकणाऱ्याच्या घरी चहा मात्र घेत नसत. मुलगी बघायला गेल्यावर पसंती ठरेपर्यंत पाणीसुद्धा बेतानं प्यावं, हा त्यांचा जुना नियम. "चा पोटात गेला की जीभ जड होते. मंग नाय म्हनता येत नाय."

कासूला स्टेशनाजवळ, दुबईहून सुट्टीवर आलेल्या एका गृहस्थांची गाडी पाहायला गेलो होतो. गाडी सुरेख होती. काकांनी मागच्या सीट पाडल्या, मडकं कोपऱ्यात ठेवलं, झोपून पाहतो म्हणाले आणि खरोखरच झोपले. घोरू लागले. मालक सज्जन, दहा मिनिटं गप्प उभे राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "भाई, गाडी घ्या नायतर नका घेऊ, पन चाचांना उठवा. माझी नमाजची वेळ झाली." काका उठले, डोळे चोळले आणि म्हणाले, "झोप बेस लागली. पन गाडी नको. डाव्या अंगाला वळलो तवा कन्हली." मालक इतके हसले की त्यांनी आम्हाला जाताना खजुराचा डबा दिला. विकणाऱ्यालाही आवडून जाईल अशा तऱ्हेने नाही म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी मात्र त्या वेळी हसलो नव्हतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दर रविवारी मी थोडा थोडा ओशाळत होतो, आणि त्या ओशाळण्याचं पुढे काय होणार आहे याची मला कल्पना नव्हती.

छत्तिसावी गाडी आमच्या साहेबांची होती. डोलवीच्या बाजूची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मी नोकरी करतो, आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या साहेबांनी आपली गाडी विकायचं ठरवलं होतं. पेणच्या बाहेर त्यांचा बंगला. सकाळी मी काकांना म्हटलं, "आज मडकं राहू दे, काका." "मडक्याबिगर कसं? नवरीची उंची बघायची, तर नवरा नको जवळ?" स्कूटरवर मी, मागे काका आणि आमच्या मधे मडकं, अशी आमची स्वारी साहेबांच्या फाटकाशी पोचली. साहेब अंघोळीला गेले होते. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, गाडीला ओवाळून झालं, पट्टे ओढून झाले, आणि पेपर अंथरून ते गाडीखाली गेले.

साहेब बाहेर आले तेव्हा काकांचे फक्त पाय दिसत होते. भेगा पडलेल्या टाचा, त्यांना लागलेलं काळं तेल, आणि शेजारी मडकं. साहेबांनी पायांकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "मेकॅनिक आहे, सर. रोह्याहून आणलाय."

कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. 'माझे सासरे' म्हटलं असतं तर साहेब फार तर हसले असते, कदाचित वाकून नमस्कारही केला असता. एवढे दोन शब्द मला जड झाले. गाडीखाली पेपर चुरचुरत होता तो थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा चुरचुरू लागला.

काका बाहेर आले, हात पुसले, माझ्याकडे न बघता मागची जागा तपासली आणि म्हणाले, "गाडी चांगली हाय, साहेब. घेऊन टाका." हे 'साहेब' मला होतं. आमच्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला आत, चहा घेऊ. मेकॅनिकला बाहेर पाठवतो." आणि मी आत गेलो. सोफ्यावर बसलो. खिडकीतून पायरी दिसत होती. काका पायरीवर बसून स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होते, छत्तीस घरांत पहिल्यांदाच. मेकॅनिक चहाला नाही म्हणत नाही, हे त्यांनी बसल्या बसल्या ओळखलं असावं. मी आत दोन बिस्किटं खाल्ली. त्या बिस्किटांची आठवण झाली की अजून मला स्वतःची किळस येते.

परतताना स्कूटरवर काका बोलले नाहीत. एरवी वाऱ्यावर ओरडून बोलणारा माणूस. रामवाडीच्या वळणावर एवढंच म्हणाले, "पुढचे ब्रेक येकदा बघून घ्या, बाकी काय नाय." मी घराच्या पायऱ्या चढताना मनाशी म्हणत होतो की आता काका सुजाताला सांगतील. सांगू देत. तिने बोलावं, रडावं, मला पाहिजे ते म्हणावं. माझी तीच लायकी होती.

सुजाताने दारातच विचारलं, "कशी वाटली गाडी, काका?"

"गाडी ऱ्हाऊ दे गो! आधी ऐक तर. अगो सुजे, काय मान दिलान त्या साहेबानं मला! मी गाडीच्या खाली. साहेबानं विचारलान, हे कोन? आनि ह्ये आपले जावयबापू कसे म्हनले, सर, हे माझे सासरे. रोह्याहून मुद्दाम बोलावलंय. बस! साहेबानं हाताला धरून मला आत नेलान. सोफ्यावर बसवलान. हा येवढा सोफा! कपबशीत चा, वर बिस्कुटं. मी दोन खाल्ली."

सुजाता माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. "मला वाटायचं तुम्हाला काकांची लाज वाटते," ती म्हणाली. दुपारी तिने माझ्या पानात सुरमईची सगळ्यात मोठी तुकडी वाढली. मी ती खाल्लीसुद्धा. समोर काका भाताचं आळं करून त्यात आमटी ओतत होते आणि मुलांना सोफ्याची लांबी सांगत होते.

गाडी घेतली. तीन वर्षं झाली, एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. थंडी पडली की आम्ही कुंडलिकेच्या काठाने वर जातो, तंबू ठोकतो, काका मडकं लावतात. ते रागावले असते, यायचे थांबले असते तर मला कुठे तरी सोपं झालं असतं. तसं काहीच झालं नाही. ते तसेच येतात, तसेच मला जावयबापू म्हणतात, तंबूत तसेच घोरतात. पहिल्या मुक्कामाला, दिवस मावळायच्या आत, मी त्यांना गाठलं. बाकीची मंडळी पाण्यावर गेली होती. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी साहेबांकडे माझ्याकडून..." त्यांनी पाला मडक्यात दाबत म्हटलं, "जावयबापू, तो खुंटा ढिला हाय बघा." मी खुंटा ठोकून आलो. पुन्हा तोंड उघडलं. ते म्हणाले, "आता दुसरा बघा." त्या संध्याकाळी मी तंबूचे सगळे खुंटे ठोकले आणि गप्प बसलो.

सुजाताला आपणच सांगून टाकावं, असं मी अनेकदा ठरवतो. पण माझं खरं सांगायचं तर आधी काकांना खोटं पाडावं लागेल, आणि तेही ज्या पोरीच्या त्यांनी वेण्या घातल्या तिच्यासमोर. माझा अपमान होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचा अपमान असा गिळला की माफी मागायलाही जागा ठेवली नाही.

हल्ली आमच्याकडे कुणी पाहुणे आले की सुजाता हटकून म्हणते, "काका, ती साहेबांकडची गोष्ट सांगा ना." सोफा दर वर्षी थोडा लांब होतो. गेल्या दिवाळीच्या सांगण्यात तर साहेब काकांच्या पायाही पडले. पण सुरुवात करण्याआधी काका दर वेळी क्षणभर थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी 'हो' म्हणतो. मग ते सांगू लागतात.